परस्परविरोधी वचने कशी वाचावीत

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायातले चौथे वचन बजावते की मूर्खाच्या मूर्खपणाला तसलेच उत्तर देऊ नका, दिलेत तर तुम्हीही त्याच्याच पंगतीला बसाल. त्याला लागून आलेले पाचवे वचन सांगते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाजोगे उत्तर द्याच, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजू लागेल. ही वचने दोन वेगळ्या पुस्तकांत असती, तर विसंगती संग्रहकाराच्या नजरेतून सुटली असे म्हणता आले असते. इथे ती सोय नाही. ज्याने ही सूत्रे गोळा केली त्याने ती जाणूनबुजून शेजारी ठेवली. यहुदी शास्त्र्यांनाही ती खटकली होती. तालमुदाच्या शब्बाथविषयक भागात नोंद आहे की, आतल्या या विरोधामुळे हे पुस्तकच प्रचारातून काढावे असे काहींच्या मनात आले होते. तो विचार मागे पडला आणि निवाडा असा झाला की उत्तर देण्याची आज्ञा धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी आहे, न देण्याची आज्ञा इतर बाबींसाठी. निवाडा आपल्याला पटो न पटो, त्यांची पद्धत शिकण्याजोगी आहे. त्यांनी एकही वचन खोडले नाही आणि दोन्ही वितळवून तिसरेही बनवले नाही. प्रत्येक वचन कोणत्या प्रसंगाचे आहे, एवढेच त्यांनी शोधले.

बायबल वाचताना दोन वचने समोरासमोर उभी राहिली की श्रद्धावान वाचक घाईने सांधा जुळवतो आणि टीकाकार घाईने पुस्तक मिटतो. दोघांच्या घाईखाली गृहीत एकच आहे: पवित्र ग्रंथ म्हणजे एका वेळी, एका आवाजात, एकाच प्रश्नाला दिलेले उत्तर. बायबलची रचना या गृहीताला धरून नाही. कित्येक शतकांत, निरनिराळ्या लेखकांनी, निरनिराळ्या संकटांना तोंड देत लिहिलेली पुस्तके त्यात एकत्र बांधलेली आहेत, आणि बांधणाऱ्यांना त्यांतले फरक दिसत होते. म्हणून विरोध दिसला की तो कसा मिटवायचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की यातले प्रत्येक वचन कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आहे, आणि ज्यांनी दोन्ही जपली त्यांनी ती का जपली असतील. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा हर्रास होतो. घरी गेल्यावर शेतकरी हाती आलेला भाव सांगतो, हमाल किती माल उतरवला ते सांगतो, अडत्या कोणाची बोली कुठवर चढली ते सांगतो. तिघांच्या सांगण्यात क्रम आणि आकडे जुळले नाहीत म्हणून हर्रास झालाच नाही असे कोणी म्हणत नाही. तिघांचे बोलणे कापून एकाच निवेदनात शिवले, तर मात्र तिघांचाही मुद्दा हरवतो.

कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो १८९३ मध्ये, नागपूरकडून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत. एका युरोपीय सहप्रवाशाने तो त्यांना दिला. वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले, आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ज्या प्रवचनाने एवढ्या चिकित्सक माणसाला धरून ठेवले, त्याच प्रवचनात एक सरळ विरोध आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात येशू शिष्यांना सांगतो की तुमची सत्कृत्ये लोकांना दिसू द्या. सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो बजावतो की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. दोन वचनांत फार अंतर नाही, आणि उत्तर त्याच ओळींत आहे. पहिल्या ठिकाणी कृत्य पाहून लोकांनी स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा हा हेतू सांगितला आहे. दुसऱ्या ठिकाणी करणाऱ्याला स्वतःचा गौरव हवा आहे, आणि पुढे लगेच रस्त्यात कर्णा वाजवून दान करणाऱ्यांचे उदाहरण येते. बोलणारा एकच आहे. ज्यांना तो सावध करतो आहे ती माणसे वेगळी आहेत: एक भीतीने दिवा झाकणारा, दुसरा हौसेने दिवा मिरवणारा.

लूकच्या शुभवर्तमानात याहून ठसठशीत उदाहरण आहे. नवव्या अध्यायात येशू म्हणतो की जो तुमच्याविरुद्ध नाही तो तुमच्या बाजूचा आहे; अकराव्या अध्यायात म्हणतो की जो माझ्या बाजूचा नाही तो माझ्याविरुद्ध आहे. दोन लेखकांच्या दोन आठवणी म्हणून हा फरक बाजूला सारता येत नाही, कारण लूकने दोन्ही स्वतःच लिहिली आहेत. आता मागची-पुढची वचने वाचा. नवव्या अध्यायात शिष्यांनी एका परक्या माणसाला भुते काढण्यापासून अडवले आहे, कारण तो त्यांच्या गटात नाही; तिथे येशू शिष्यांची कुंपणे मोडतो. अकराव्या अध्यायात विरोधक त्याच्यावर आरोप करतात की तो बालजबुलाच्या मदतीने भुते काढतो. तिथे तो कुंपणावर बसणाऱ्यांना बाजू घ्यायला लावतो. दुसऱ्याला तोलायचे असेल तर पहिले वचन, स्वतःला तोलायचे असेल तर दुसरे. ही वाटणी मी कल्पनेतून आणलेली नाही, ती त्या दोन प्रसंगांतच आहे. इथून पुढे सर्वत्र वापरता येईल अशी कसोटी हाती येते: विरोधाचा उलगडा त्याच पानावरून, निदान त्याच पुस्तकातून आला पाहिजे. बाहेरून आणावा लागला तर तो तर्क आहे, आणि त्याला तर्कच म्हणावे.

ही वाचनपद्धती मराठी वाचकाला परकी वाटायचे कारण नाही. दोन श्रुतिवाक्ये एकमेकांविरुद्ध उभी राहिली तर काय करायचे यावर मीमांसकांनी पिढ्यान्‌पिढ्या काथ्याकूट केला. अतिरात्र यागात षोडशी नावाचे पात्र घ्यावे असेही वाक्य आहे आणि घेऊ नये असेही आहे. मीमांसकांचा निर्णय असा की आधी दोन्ही वाक्यांचा विषय वेगळा आहे का ते पाहावे; कोणतीच वाट उरली नाही तरच विकल्प मानावा, कारण विकल्प मानण्यात दोष आहेत. आरंभ आणि समारोप ताडून प्रकरणाचे तात्पर्य ठरवायचे, हाही त्यांचाच नियम. काशीत शास्त्रे शिकलेल्या नीलकंठशास्त्री गोरे यांनी याच घडणीच्या बुद्धीने १८४४ च्या सुमारास ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि १८४८ मध्ये त्यांनीच बाप्तिस्मा घेतला. दुर्दैवाने एकोणिसाव्या शतकातल्या जाहीर वादांत ही शिस्त फारशी टिकली नाही. १८३१ मध्ये मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात वाद झाला, १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घातले. पुराणांतल्या विसंगती मिशनऱ्यांनी मोजायच्या, बायबलमधल्या प्रतिपक्षाने मोजायच्या, आणि आपल्या ग्रंथाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या ग्रंथाला नाकारायची, असा तो काळ होता. आजही घरोघरी होणाऱ्या चर्चेत हेच घडते. तेव्हा ख्रिस्ती वाचकाने स्वतःवर एक बंधन घालून घ्यावे: शेजाऱ्याच्या ग्रंथातला विरोध दाखवण्याआधी, हीच मोजपट्टी मत्तय आणि लूकला लावली तर काय होईल ते पाहावे.

चार शुभवर्तमाने वाचताना ही शिस्त सर्वांत जास्त लागते. इ.स. १७० च्या सुमारास तातियान नावाच्या सिरियाई लेखकाने चारही शुभवर्तमाने एकत्र गुंफून एकच सलग कथा तयार केली. विरोध मिटवण्याचा याहून सोपा उपाय नव्हता, आणि सिरियाई मंडळ्यांत ते पुस्तक दीर्घकाळ चालले. तरी पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपने आपल्या प्रांतातल्या त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली. सोपी वाट समोर असताना मंडळीने अवघड वाट धरली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्या तीन शुभवर्तमानांत मंदिराचे शुद्धीकरण शेवटच्या आठवड्यात होते, योहानात दुसऱ्याच अध्यायात. मार्क सांगतो की येशूने शिष्यांबरोबर वल्हांडणाचे भोजन केले आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. योहान सांगतो की त्याला वधस्तंभावर दिले तेव्हा वल्हांडणाची तयारी चालू होती, भोजन व्हायचे होते. मंदिराचे शुद्धीकरण दोनदा झाले, दोन पंचांगे प्रचलित होती, अशी उत्तरे दिली जातात. ती अशक्य नाहीत. पण ती हाती लागली की वाचक योहानाला विचारायचेच विसरतो की तू असे का लिहिलेस. त्याच्या पहिल्या अध्यायात येशूला देवाचा कोकरा म्हटले आहे. एकोणिसाव्या अध्यायात त्याचे हाड मोडले नाही हे आवर्जून सांगितले आहे, आणि वल्हांडणाच्या कोकऱ्याचे हाड मोडू नये हा निर्गमातला नियम आहे. कोकरे कापली जातात त्या वेळी येशू मरतो, हे योहानाला दाखवायचे आहे. मार्कला भोजनाच्या मेजावरचा नवा करार दाखवायचा आहे. दोघांचा दिवस एक करण्याच्या खटपटीत या दोन्ही गोष्टी हातच्या जातात.

पौल आणि याकोब यांच्यातला विरोध याहून खोल आहे, कारण तो तारणाच्या प्रश्नावर आहे. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की मनुष्य नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो की मनुष्य कर्मांनी नीतिमान ठरतो, नुसत्या विश्वासाने नाही. त्यात भर म्हणजे दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात आणि उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातले एकच वचन पुढे करतात. मार्टिन ल्यूथरला १५२२ मध्ये याकोबाचे पत्र गवताच्या पेंढीसारखे हलके वाटले आणि आपल्या जर्मन नव्या करारात त्याने ते शेवटच्या काही पुस्तकांत ढकलले. तो करारी माणूस होता, पण इथे त्याने एका साक्षीदाराला खाली बसवले. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत हे पाहायला दोन्ही पत्रे सलग वाचावी लागतात. पौलासमोर प्रश्न आहे की यहुदी नसलेल्यांना सुंता करून घ्यावी लागेल का. म्हणून तो दाखवतो की अब्राहाम पंधराव्या अध्यायात नीतिमान गणला गेला आणि सुंतेची आज्ञा सतराव्यात आली. याकोबासमोर असा माणूस आहे, जो उघड्या-उपाशी भावाला सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव असे म्हणतो आणि देत काहीच नाही. म्हणून तो उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायाकडे, इसहाकाच्या अर्पणाकडे जातो. याकोब ज्या विश्वासाला निरर्थक म्हणतो तो भुतांनाही आहे, असे तो स्वतःच लिहितो. पौल ज्या विश्वासाबद्दल बोलतो तो प्रीतीच्या द्वारे काम करतो, असे पौलच गलतीकरांना लिहितो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन आणि रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तिथे पोचायला जवळजवळ पाच शतके लागली, यावरून एका साक्षीदाराला गप्प करण्याची किंमत कळते.

सगळेच विरोध इतके अर्थपूर्ण नसतात. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात अहज्या बावीस वर्षांचा असताना राज्यावर बसला असे आहे. दुसऱ्या इतिहासाच्या हिब्रू पाठात वय बेचाळीस आहे. आता त्याच इतिहासात एक पान मागे जा. त्याचा बाप यहोराम बत्तिसाव्या वर्षी राजा झाला आणि आठ वर्षे राज्य करून गेला, म्हणजे चाळिसाव्या वर्षी मेला. मुलगा बापाहून मोठा असू शकत नाही. नक्कल करणाऱ्याच्या हातून आकडा चुकला आहे, आणि यात गूढ अर्थ शोधणे हा वचनाचा सन्मान नव्हे. अशा जागी दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत आणि तळटीप असेल तर ती न चुकता वाचावी. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण प्रसिद्ध झाले. बायबल सोसायटीची आवृत्ती तर बहुतेकांच्या घरी असतेच. ऑगस्टिनने इ.स. ४०५ च्या सुमारास जेरोमला लिहिलेल्या पत्रात अशा प्रसंगासाठी तीन शक्यता सांगितल्या होत्या: हातातली प्रत सदोष असेल, भाषांतरकाराला मूळ कळले नसेल, किंवा मलाच अर्थ लागला नसेल. तिसरी शक्यता त्याने स्वतःवर घेतली, हे विशेष.

यावर श्रद्धावान वाचक विचारेल: एक आकडा चुकला असे मानले, तर उरलेल्यावर विश्वास कसा ठेवायचा? या भीतीत प्रामाणिकपणा आहे आणि तिला हसून उडवणे चूक आहे. पण ज्यांच्या खांद्यावर ही श्रद्धा उभी राहिली त्यांना ही भीती वाटली नव्हती. मंदिराच्या शुद्धीकरणाच्या वेगवेगळ्या वृत्तांतांबद्दल तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने स्पष्ट लिहिले की घटनेच्या पातळीवर ते जुळवता येत नाहीत, म्हणून त्यांचे सत्य आध्यात्मिक अर्थात शोधावे. मत्तय सत्ताविसाव्या अध्यायात तीस रुप्यांचे वचन यिर्मयाचे म्हणून देतो, आणि ते जखऱ्याच्या पुस्तकाशी जुळते. कॅल्व्हिनने त्यावर सरळ कबूल केले की यिर्मयाचे नाव तिथे कसे आले हे मला ठाऊक नाही आणि मी त्याची फार चिंताही करत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, पवित्र शास्त्रातले सत्य देवाने आपल्या तारणासाठी नोंदवले असे म्हणताना, लेखनप्रकार ओळखून वाचण्याचीही शिकवण दिली. अहज्याचे वय चुकले म्हणून याकोबाच्या दारातला उपाशी भाऊ खोटा ठरत नाही. उलट, अवघड जागा झाकून ठेवलेल्या तरुणाला ती पहिल्यांदा विरोधकाकडून कळली, तर त्याचा विश्वास पुस्तकावरून नव्हे, झाकणाऱ्यावरून उडतो.

टीकाकाराचा आक्षेप उलट दिशेने येतो: प्रश्न वेगळा, प्रसंग वेगळा असे म्हणत गेलो तर कोणताही विरोध खपवता येईल. म्हणूनच वरची कसोटी कडकपणे पाळायची. यहूदा इस्कर्योताचा मृत्यू घ्या. मत्तयानुसार त्याने पैसे मंदिरात फेकून गळफास घेतला आणि याजकांनी त्या पैशांनी कुंभाराचे शेत घेतले. प्रेषितांच्या कृत्यांनुसार शेत त्यानेच घेतले आणि तिथे पालथा पडून त्याचे पोट फुटले. दोर तुटला आणि तो खाली पडला हे नेहमीचे उत्तर एकाही पुस्तकात नाही. ते कसोटीला उतरत नाही. मत्तय निरपराध रक्ताची जबाबदारी कोणावर हे विचारतो आहे, आणि कृत्यांत बारा जणांमधली रिकामी जागा कशी भरायची हा प्रश्न आहे, एवढे पानावरून नक्की दिसते. रक्ताचे शेत हे नाव आणि विश्वासघाताचा पैसा यांवर दोघांचे एकमत आहे. मृत्यूचा तपशील जुळत नाही. रविवारच्या शाळेत एखाद्या मुलाने विचारले तर हेच, एवढेच सांगावे.

विरोध पूर्ण न मिटवताही एकत्र राहता येते याचा मोठा पुरावा नागपुरातच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर सहा मंडळ्या एक झाल्या. त्यांत बालकांचा बाप्तिस्मा मानणारे अँग्लिकन होते, आणि विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा असे मानणारे बाप्टिस्टही होते. कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात लुदिया आणि तुरुंगाधिकारी सर्व घरच्यांसह बाप्तिस्मा घेतात, याकडे एक पक्ष बोट दाखवी. मार्कच्या शेवटच्या अध्यायात आधी विश्वास आणि मग बाप्तिस्मा असा क्रम आहे, याकडे दुसरा. नव्या मंडळीने दोन्ही प्रथा पर्यायी म्हणून मान्य केल्या. षोडशीच्या पात्राचा निर्णय करणाऱ्या मीमांसकाला ही वाट ओळखीची वाटली असती. चाळीस वर्षांच्या चर्चेनंतर स्वीकारलेला विकल्प आणि आळसाने सोडून दिलेला वाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका ठिकाणी मात्र दोन्ही बाजू सारख्या वजनाने ठेवून चालत नाही, आणि तिथे चुकलेल्या वाचनाने माणसे दुखावतात. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात देव बापाच्या अन्यायाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मुलांना करतो असे आहे. यहेज्केलाचा अठरावा अध्याय ठामपणे सांगतो की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. यहेज्केल हे बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना सांगतो आहे. बापांच्या पापामुळे आपण भोगतो आहोत आणि आता करण्यासारखे काही उरले नाही, असे म्हणत ते बसले होते. जुने वचन पुढच्या पिढीत नव्याने तपासले जाते, असे बायबलमध्येच घडते. दाविदाला शिरगणती करायला परमेश्वराने प्रवृत्त केले असे दुसरे शमुवेल सांगते, आणि नंतर लिहिला गेलेला पहिला इतिहास त्या जागी सैतानाचे नाव घेतो. पिढ्यांच्या पापाचा हा प्रश्न योहानाच्या नवव्या अध्यायात थेट येशूसमोर येतो. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि तो दोन्ही नाकारतो. कळमन्यातल्या एखाद्या घरात दहा माणसे शास्त्र उघडून बसली असतील, त्यांत अपंग मुलाची आई असेल, आणि कोणी निर्गमातले ते एकच वचन वाचून घरातल्या जुन्या पापाबद्दल बोलू लागले, तर तिथेच थांबवा. पाळक असोत की पाहुणे उपदेशक, आदराने सांगा की प्रार्थनेआधी यहेज्केलाचा अठरावा आणि योहानाचा नववा अध्याय पूर्ण वाचायचा आहे, आणि वाचायला स्वतः उभे राहा.